उपकारस्तुती ही भावना की उपासना? कोणसाच्या फेस्ताच्या निमित्ताने

सालसेतची_सून

गोव्यातल्या राय गावच्या इगर्जीत (चर्चमध्ये) दरवर्षी ५ ऑगस्टला कोणसाचं फेस्त, म्हणजे भाताच्या नव्या कणसांचा सण, होतं. गोव्यातली नव्याची फेस्तं तिथून सुरू होतात आणि मग ऑगस्टभर गावोगाव चालतात. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मिस्सा होते, मिरवणूक शेताकडे निघते, पाद्री शेतावर आशीर्वाद मागतो आणि विळ्याने भाताची पहिली कणसं कापतो. ती देवापुढे ठेवतात, लोकांना वाटतात, आणि लोक ती घरी नेऊन आल्तारावर (घरच्या वेदीवर) ठेवतात. खरी कापणी अजून पुढे असते. पाऊस बाकी असतो, खाजनाचा (खाडीकाठच्या शेतजमिनीचा) बांध फुटू शकतो, उभं पीक आडवं होऊ शकतं. धान्य घरात आलेलं नसतानाच त्याबद्दल आभार मानून होतात.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, आणि उपकारस्तुतीचा, म्हणजे देवाचे आभार मानण्याचा, हा धागा त्याबद्दलच आहे.

मडगाव-वेर्णा पट्ट्यात मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांचा आमचा एक छोटा प्रार्थनागट आहे. कोणी नगरचे, कोणी वसईचे, कोणी सावंतवाडीचे. काही कॅथलिक, काही प्रोटेस्टंट. मी स्वतः नगरकडची, लग्नानंतर इथली. गटात सध्या वहीची पद्धत रुजली आहे: झोपण्यापूर्वी दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. मन शांत होतं, चिडचिड कमी होते असं सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. पण मागच्या बैठकीत एका तरुण मुलीने विचारलं, "माझ्या ऑफिसातली देव न मानणारी मैत्रीणही हेच करते. मग माझ्या वहीत उपासना कुठे आहे?"

प्रश्न चांगला आहे. मला सुचलेलं उत्तर इथे मांडते, तुम्ही तपासा.

आभार मानायला समोर कोणीतरी लागतो. आणि तो समोर आहे असं धरलं की नुसतं मनात बरं वाटून भागत नाही, काही करावं लागतं. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात पहिल्या फळांचा विधी आहे. शेतकऱ्याने टोपली भरायची, देवाने निवडलेल्या ठिकाणी चालत जायचं, याजकाच्या हाती ती द्यायची आणि मोठ्याने बोलायचं. काय बोलायचं? आज पीक छान आलं, मन प्रसन्न आहे, असं काही नाही. आपला पूर्वज भटका अरामी होता, मिसरात आपण गुलाम होतो, आपण आक्रोश केला, देवाने ऐकलं, बाहेर काढलं, ही जमीन दिली. आणि आता, हे परमेश्वरा, तूच दिलेल्या भूमीचं पहिलं फळ मी आणलं आहे. मग नमन करायचं. शेवटी लेव्याला (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातल्या माणसाला) आणि आपल्यात राहणाऱ्या परक्याला सोबत घेऊन आनंद करायचा.

एका माणसाच्या टोपलीत अख्ख्या लोकांचा इतिहास आला, आणि ज्याच्याकडे स्वतःची जमीन नाही असा परका जेवणात आला. वहीत हे दोन्ही राहून जातं.

बायबलमधल्याच 'लेवीय' पुस्तकाचा ७वा अध्याय तर याहून नेमका आहे. उपकारस्तुतीच्या अर्पणाचं मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत काही शिल्लक ठेवायचं नाही. एक जनावर एका घराला एका दिवसात संपत नाही. म्हणजे शेजारी बोलवावेच लागतात. नियमाचं कारण तिथे लिहिलेलं नाही, पण परिणाम उघड आहे: आभार साठवून ठेवता येत नाहीत आणि एकट्याने खाता येत नाहीत.

आणि ज्या रात्री येशूला धरून देण्यात आलं त्याच रात्री त्याने भाकर घेतली, आभार मानले आणि मोडली. समोर काय वाढून ठेवलं आहे हे त्याला माहीत होतं. प्रत्येक मिस्सा, प्रत्येक प्रभुभोजन या आभारावर उभं आहे.

म्हणून मी म्हणते, उपकारस्तुती ही मनात भरून येण्याची वाट बघत बसण्याची गोष्ट नाही. ती देवाला देण्याची गोष्ट आहे. हाताने, तोंडाने, ताटाने. भरून आलं तर उत्तमच.

तुमच्या घरी, मंडळीत (चर्चमध्ये), गावात हे कसं होतं ते लिहा. हिंदू वाचकांनीही लिहावं, इथे शेतं एकमेकांना लागूनच आहेत.

---

वेर्णा_दुसरी_पाळी

ताई, धागा आवडला, पण वहीच्या बाजूने बोलायला हवं.

मी वसईचा, इथे कारखान्यात पाळीत काम करतो. माझ्याकडे शेत नाही, टोपली नाही. माझं पीक म्हणजे महिन्याच्या शेवटी बँकेत पडणारा पगार, तो कणसासारखा हातात धरता येत नाही. दिवस कसा गेला हे वहीत लिहिलं नाही तर माझ्या लक्षातच येत नाही की काही मिळालं होतं. स्तोत्र १०३ काय म्हणतं? "हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर, त्याचे सर्व उपकार विसरू नको." विसरू नये म्हणून लिहायचं. यात उणं काय?

दुसरं, गोव्यात बसून जेझुइटांना, म्हणजे इग्नेशियस लोयोलांच्या संघातल्या पाद्रींना, विसरून कसं चालेल? संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली इथे उतरले ते इग्नेशियसांचे सोबती म्हणून. इग्नेशियसनी रोजच्या आत्मपरीक्षणाची जी रीत घालून दिली तिची पहिली पायरी आभार मानणं ही आहे. मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार, मग आपली पापं ओळखण्यासाठी कृपेची याचना, मग दिवसाचा हिशोब, मग क्षमा, मग सुधारण्याचा निश्चय. पापाचा हिशोब तिसऱ्या पायरीवर आहे! आमच्या लहानपणी घरात रात्रीची प्रार्थना थेट "काय चुकलं" इथून सुरू व्हायची. मिळालेलं आधी मोजलं की चुकलेलंही नीट दिसतं, कारण कोणाच्या उपकारांना आपण पाठ दाखवली ते कळतं.

म्हणजे वहीच, पण देवासमोर उघडलेली.

---

सालसेतची_सून

@वेर्णा_दुसरी_पाळी, "देवासमोर उघडलेली" हे पटलं. वही बंद करा असं माझं म्हणणं नाहीच. तिच्यातल्या वाक्यांना "हे प्रभू, तू" अशी सुरुवात द्या, एवढ्यानेही ती प्रार्थना होते. त्यानंतर ती ताटापर्यंत पोचावी असा माझा आग्रह. पगाराचं म्हणाल तर पहिलं फळ त्यातूनही काढता येतं: खर्च भागवून उरलेलं नको, पगार जमा झाल्या दिवशीचं.

---

डिचोलीकर

मी हिंदू, वारकरी घरातला. तुम्ही बोलावलंत म्हणून लिहितो.

आमच्याकडे चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत नव्याची पंचमी असते. भाताची नवी कणसं आणून त्यांची पूजा करायची आणि दारावर, देव्हाऱ्यात बांधायची. नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, असं आजी बजावायची. तुमचं फेस्त आणि आमची पंचमी साधारण त्याच पावसातल्या. शेतकरी एकच, कूळ एकच, कुणाची वाट देवळाकडे गेली कुणाची इगर्जीकडे.

पण एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. देव परिपूर्ण आहे असं तुम्हीही मानता. मग त्याला आपल्या आभारांची गरज काय? माणसाचे आभार मानले तर त्याला बरं वाटतं. देवाला न मानल्याने काय कमी पडणार?

---

जपमाळ

डिचोलीकर बाब, ही शंका बायबलनेच आधी घेतली आहे.

स्तोत्र ५० काढा. देव म्हणतो, मला भूक लागली तर मी तुला सांगणार नाही, कारण जग आणि त्यातलं सगळं माझंच आहे. मी काय बैलांचं मांस खातो? एवढं झाल्यावर लगेच पुढे: देवाला उपकारस्तुतीचं अर्पण कर. गरज नाही हे ठणकावून सांगायचं आणि तरीही मागायचं, हे दोन्ही एकाच दमात.

मी बरीच वर्षं मुलांना दोत्रीन (धर्मशिक्षण) शिकवली. मिस्सेत भाकर आणि द्राक्षारसाच्या प्रार्थनेआधी पाद्री लोकांना म्हणतो, आपल्या प्रभू देवाचे आभार मानू या. लोक म्हणतात, ते योग्य आणि न्याय्य आहे. त्यानंतरच्या प्रार्थनांपैकी एकीत असा आशय आहे: हे देवा, आमच्या स्तुतीची तुला गरज नाही, तरी तुझे आभार मानण्याची आमची इच्छा हीच तुझी देणगी आहे, आमच्या स्तवनाने तुझ्या थोरवीत भर पडत नाही, पण आमच्या तारणाला त्याचा लाभ होतो. रोमन मिस्सेत ही प्रार्थना आहे, कधी कानावर पडली तर लक्ष देऊन ऐका.

म्हणजे उणीव आपल्याकडे आहे. आभार न मानणारा माणूस हळूहळू असं समजायला लागतो की हे सगळं माझंच होतं, माझ्या हक्काचं होतं. मग त्याचा हात मिटतो. मूठ मिटलेल्याला देवही आणखी काय देणार?

---

दर्यावर्दी

आमचं घर दर्यावर चालतं. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदी, म्हणजे तुमचं फेस्त येतं तेव्हा आमच्या होड्या नुकत्याच पाण्यात उतरलेल्या असतात. पाद्री येऊन बोटींना आशीर्वाद देतो, पहिली जाळी पडते. पहिल्या मासळीतली थोडी विकायची नाही, वाटायची, अशी आमच्या घरची रीत. विधवा बाया, म्हातारे, ज्यांची होडी नाही ते, त्यांना आधी.

सालसेतताईंनी पीक यायच्या आधी आभार मानण्याबद्दल लिहिलं. आम्हाला ते रोजचंच. जाळं टाकताना खुरीस काढायचा (क्रुसाची खूण करायची) आणि म्हणायचं, देवा, जे देशील ते. मासळी मिळाल्यावरचे आभार कोणालाही जमतात. रिकामं जाळं ओढताना म्हटलेल्या आभारांना मी जास्त मानतो, कारण तेव्हा माणूस मासळीबद्दल बोलत नसतो, देणाऱ्याबद्दल बोलत असतो.

---

पणजीची_एकटी

सगळे प्रतिसाद वाचले. चांगले आहेत. पण मला यातलं काही जमत नाही.

यजमानांना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. आजारपण लांबलं, खर्च झाला, शेवटी काही उपयोग झाला नाही. मंडळीतले लोक भेटायला येतात आणि सांगतात, देवाचे आभार मान, तो सुटला. देवाचे आभार मान, मुलं मोठी आहेत. एका बाईंनी तर सांगितलं की दुःखाबद्दलही आभार मानले नाहीत तर विश्वास अपुरा आहे. त्या दिवसापासून मी प्रार्थनेला जाणं कमी केलं आहे. आभाराचं गीत सुरू झालं की घशातून आवाज निघत नाही.

रागावून लिहीत नाही. खरंच विचारते आहे. माझ्यासारखीने काय करायचं?

---

पहाटेची_घंटा

ताई, तुमचं दुःख समजतो, पण वचन स्पष्ट आहे. इफिसकरांस ५:२०, सर्व गोष्टींबद्दल सर्वदा देव जो पिता त्याची उपकारस्तुती करत जा. ईयोबाने मुलं गेल्यावर काय म्हटलं? "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम!" आपल्याला समजो न समजो, आभार मानत राहावं. मन मागून येतं.

---

जपमाळ

घंटा, वचन खरं आहे, पण अख्खं पुस्तक वाचा. ईयोब ते वाक्य पहिल्या अध्यायात बोलतो. त्यानंतर तिसऱ्या अध्यायात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे किती अध्याय देवाशी वाद घालतो. त्याला समजावणारे मित्र सगळे धार्मिक बोलत होते. शेवटी देव कोणावर रागावला? ४२:७ बघा, मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तुम्ही नाही, असं देवच म्हणतो.

प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." कोणत्याही स्थितीत देवाकडे तोंड ठेवा. इफिसकरांमधली ओळ याच्या जोडीने वाचायला हवी, आणि रोमकरांस ८:२८च्याही: देव सर्व गोष्टी मिळून कल्याण घडवतो. प्रत्येक गोष्ट स्वतः चांगली आहे असं तिथे म्हटलेलं नाही. कर्करोग चांगला नाही, मरण चांगलं नाही. पौल मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रूबद्दल आभार मानायला देव कोणाला भाग पाडत नाही.

आपला मित्र लाजर याच्या कबरीपाशी येशू आधी रडला. त्यानंतर वर बघून म्हणाला, बापा, तू माझं ऐकलंस म्हणून मी तुझे आभार मानतो. मधला रडण्याचा भाग गाळून लोकांना थेट आभारांवर नेण्याचा अधिकार कोणालाही नाही, मलाही नाही.

पणजीच्या ताई, तुम्हाला स्तोत्र ८८ सुचवते. १५० स्तोत्रांत इतकं काळोखं दुसरं नाही. बहुतेक विलापगीतं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही; अंधारातच संपतं. तरीही ते देवाच्या मंदिरात गाण्याच्या संग्रहात ठेवलं गेलं. कोणीतरी ते काढून टाकलं नाही. आज तुमच्या घशातून आवाज निघत नसेल तर हे वाचा, तीही उपासनाच आहे. कारण तक्रारसुद्धा त्याच्याचकडे केली आहे.

---

सालसेतची_सून

जपमाळबाईंना मनापासून अनुमोदन. आणि @पणजीची_एकटी, एक गोष्ट माझ्याकडून. अनुवाद २६ मध्ये जे बोलायला सांगितलं आहे त्यात आक्रोश आहे. आम्ही ओरडलो आणि त्याने ऐकलं, हे आभारांच्या विधीतलं वाक्य आहे. ओरडणं गाळलं तर आभार अर्धे राहतात. तुम्ही सध्या त्या वाक्याच्या पहिल्या भागात आहात. दुसरा भाग तुमच्याऐवजी आम्ही म्हणतो.

हे औपचारिक म्हणत नाही. मिस्सेत, उपासनेत "आम्ही आभार मानतो" असं म्हणतात, "मी" असं नाही. ज्याचा आवाज निघत नाही त्याच्या वाटणीचं बाकीचे म्हणत असतात. तुम्ही फक्त त्या बाकावर बसा. गाऊ नका.

---

पणजीची_एकटी

८८ वाचलं. दोनदा वाचलं. असं काही बायबलमध्ये आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

बसायला येईन.

---

मुळाकाठचा

धाग्याचा सूर मोडायची इच्छा नाही, पण एक बाजू राहिली आहे असं वाटतं.

आमच्या नगरकडच्या मंडळ्यांत कापणीच्या सणाला लोक धान्य, कोंबड्या, भाज्या देवळात आणतात, टाळ-पेटीवर भजनं होतात, मग आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या कामाला जातो. सुंदर सण आहे. पण मी असेही प्रसंग पाहिले आहेत, तिकडे आणि इथेही, जिथे कोण किती मोठं अर्पण देतो हेच मुख्य होऊन बसतं. नवी गाडी घेतली, आभाराची प्रार्थना. मुलाला जहाजावर नोकरी लागली, आभाराची मिस्सा आणि हॉलमध्ये जेवण. करावंच, आनंद आहे. पण पंगतीत सगळे आपल्याच बरोबरीचे असतात.

लूक १८ मधला परूशी (नियम काटेकोर पाळणाऱ्या धर्मपंथाचा माणूस) प्रार्थना कशी सुरू करतो ते आठवा: देवा, मी तुझे आभार मानतो. पहिलाच शब्द उपकारस्तुतीचा! पुढे काय? की मी इतर लोकांसारखा नाही, या जकातदारासारखा नाही. त्याच्या आभारांतून शेजारी वजा झाला होता. येशू म्हणाला, नीतिमान ठरून घरी गेला तो दुसरा.

गोव्यातली एक जुनी रीत मला यावर औषध वाटते. कॅथलिक घरात लग्न असलं की आधी पूर्वजांच्या नावाने भिकाऱ्यांचं जेवण घालतात. गरिबांना बोलावून, पान मांडून, घरचे वाढतात. पहिली पंगत त्यांची. मुख्य समारंभाचं उरलंसुरलं त्यांना नाही, समारंभाच्या आधीचं ताजं त्यांना. काही घरांत आता याऐवजी एखाद्या आश्रमात पैसे पाठवून देतात. सोयीचं आहे, पण स्वतःच्या हाताने वाढणं त्यातून जातं, आणि मला त्याचं वाईट वाटतं. इब्री लोकांस १३ मध्ये ओठांच्या स्तुतीचं अर्पण सांगून झाल्यावर पुढच्याच ओळीत म्हटलं आहे की चांगलं करायला आणि दान द्यायला विसरू नका, अशा यज्ञांनी देव संतुष्ट होतो.

---

म्हापसेकर_बाय

आंगवणीबद्दल (नवसाबद्दल) कोणीच बोललं नाही अजून! म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मरियामातेच्या) फेस्ताला, ईस्टरनंतर साधारण पंधरवड्याने येणाऱ्या सोमवारी, किती लोक येतात ते बघा. हिंदू-ख्रिस्ती दोघेही. तेल घालतात, मेणबत्त्या लावतात. शिरगावची लईराई देवी आणि आमची सायबीण बहिणी, असं इथे सगळेच मानतात. जुन्या गोव्यालाही मेणाचे हात, पाय, बाळ वाहताना लोक दिसतात; ज्याचं जे बरं झालं ते.

नवस फेडणं म्हणजे व्यवहार, खरी उपकारस्तुती नाही, असं आमच्या गटातल्या एकीने म्हटलं. मला ते लागलं. माझ्या आईने माझ्यासाठी आंगवण केली होती. ती व्यवहार करत होती का?

---

जपमाळ

नाही, बाय. स्तोत्र ५० मध्ये उपकारस्तुतीच्या अर्पणाला जोडूनच म्हटलं आहे, परात्परापुढे केलेले नवस फेड. दोन्ही एकाच ओळीत. देवाने नवसाला हाकललेलं नाही.

पण फरक आहे आणि तो लेवीय ७ मध्येच दिसतो. उपकारस्तुतीचं अर्पण त्याच दिवशी संपवायचं. नवसाचं किंवा खुशीचं असेल तर दुसऱ्या दिवशीही खाल्लेलं चालतं. दोन वेगळे प्रकार आहेत, दोन्ही मान्य आहेत. माझ्या मते नवस फेडताना आपण दिलेला शब्द पाळतो, आणि शब्द पाळणं हा चांगलाच गुण आहे. उपकारस्तुतीत आधी ठरलेलं काही नसतं. न मागता मिळालेल्या गोष्टींसाठी ती आहे: श्वास, पाऊस, विहिरीचं पाणी, आई. यांच्यासाठी कोणी आंगवण केली होती?

लूक १७ मधले दहा कुष्ठरोगी बघा. दहाही बरे झाले. नऊ जण येशूने सांगितलं तसे याजकांकडे गेले, म्हणजे सांगितलेलं केलं. एक परत आला, मोठ्याने देवाचा गौरव करत पायांशी पडला, आणि तो शोमरोनी होता, परका. त्याला परत यायला कोणी सांगितलं नव्हतं. येशूने बाकीच्या नऊ जणांचा रोग परत आणला नाही, फक्त ते कुठे आहेत असं विचारलं. तुमच्या आईने तेल घालून झाल्यावर सायबिणीसमोर क्षणभर जास्त थांबून काही म्हटलं असेल ना? ते या दहाव्याचं.

---

डिचोलीकर

जपमाळबाई, माझ्या शंकेचं उत्तर मिळालं. "तुझे आभार मानण्याची इच्छा हीच तुझी देणगी" हे आमच्या संतांच्या फार जवळचं आहे. नाम घेण्याची बुद्धीही तोच देतो असं आमच्याकडे मानतात.

अवांतर: मराठीत ख्रिस्ती उपासनेवर इतकी चर्चा गोव्यात होते आहे याचं काही वाचकांना नवल वाटेल. वाटू नये. राय गावाला लागूनच राशोल आहे, आणि फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली त्याच राशोलला छापलं गेलं. ओवीत देवाचे उपकार गाणं इथल्या ख्रिस्ती लोकांना ४०० वर्षांपासून ठाऊक आहे.

---

सालसेतची_सून

@डिचोलीकर बाब, देव बरें करूं. राशोलची आठवण करून दिलीत ते बरं झालं, गटात सांगते.

सगळ्यांचं वाचून आम्ही गटात असं ठरवलं आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी आमच्या अंगणात, खुरसासमोर (क्रुसासमोर). आधी लादाईन (संतांना विनवणाऱ्या प्रार्थना), मग अनुवाद २६:१-११ एकाने मोठ्याने वाचायचं. त्यानंतर प्रत्येक घराने आपापला इतिहास दोन-तीन वाक्यांत सांगायचा: कुठून आलो, कोणत्या अडचणीत होतो, कोणी हात दिला. रडणं आलं तर येऊ द्यायचं, कोणी कोणाला समजवायचं नाही. वही असणाऱ्यांनी वहीतलं वाचलं तरी चालेल. मग स्तोत्र १३६. शेवटी जेवण, आणि ते त्याच रात्री संपवायचं. शेजारच्या वाड्यावर लावणीला बाहेरगावाहून आलेले मजूर अजून आहेत, त्यांना आणि त्यांच्या मुलांना आधी वाढायचं. आमच्या अंगणातून दिसणाऱ्या शेतात रोपं त्यांच्याच हातची आहेत.

पगारातलं पहिलं फळ ज्यांना द्यायचं आहे त्यांनी तांदूळ, डाळ, तेल असं आणावं. नाव लिहू नये, टोपलीत ठेवावं.

दोन गोष्टी हव्या आहेत. पेटी वाजवणारं कोणी, आणि १३६ कसं म्हणायचं ते कोणी सांगेल का? मुलं खूप आहेत, कंटाळतील अशी भीती आहे.

---

वेर्णा_दुसरी_पाळी

शनिवारी माझी पहिली पाळी आहे, म्हणजे संध्याकाळ मोकळी. पेटी मी आणतो.

१३६ मध्ये २६ ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीचा दुसरा अर्धा भाग तोच: त्याची दया सनातन आहे. मोठ्यांनी पहिला अर्धा भाग म्हणायचा, ध्रुवपद पूर्ण मुलांच्या ताब्यात द्यायचं, टाळ्यांसकट. आमच्या वसईच्या घरी असंच करत. सृष्टी, तांबडा समुद्र, राजे असं सगळं येऊन २५वी ओळ आहे, तो सर्व प्राणिमात्रांना अन्न देतो. तिथे थांबून जेवणावर आशीर्वाद मागा, मग २६वी म्हणा आणि वाढायला घ्या.

---

दर्यावर्दी

बांगडे माझ्याकडून. सकाळची मासळी आली की तुमच्याकडे पोचवतो. किती माणसं होतील ते शुक्रवारपर्यंत कळवा, मजुरांची मुलं धरून.

---

पणजीची_एकटी

मडगावपर्यंत बसने येते, तिथून कोणी घ्यायला येईल का? सोलकढी मी करून आणते.